चार रो की दोन? १९७० च्या शेवेलसाठी ॲल्युमिनियम रेडिएटर निवडताना

प्रश्न थोडक्यात असा: "मी डॅलसजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी १९७० ची शेवरोले शेवेल मालिबू घेतली. ३५० घन इंचाचं इंजिन, टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एसी चालू. फ्रीवेवर ७० मैलांच्या वेगात तापमानाचा काटा १९० फॅरनहाइटवर स्थिर असतो. सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं उभं राहिलं की २२०-२२५ वर जातो. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर काढून ॲल्युमिनियमचा बसवायचा आहे. चार रोचा सर्वांत चांगला, असं सगळे सांगतात. कोणता घेऊ? इलेक्ट्रिक पंखे लावू का? बजेट ८०० डॉलरपर्यंत."

चार रोचा घेऊ नका. (रो म्हणजे रेडिएटरच्या जाळीत एकामागे एक असलेली पाण्याच्या नळ्यांची ओळ.) दोन रोचा घ्या, पण त्यातली प्रत्येक नळी किमान एक इंच रुंद असलेला. आणि ऑर्डर देण्याआधी एक शनिवार गाडीसोबत घालवा. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून मला रेडिएटरपेक्षा पंख्याच्या बाजूचा संशय जास्त येतोय.

का ते सांगतो. गाडी गॅलनला १५ मैल देते असं धरलं, तर ७० च्या वेगाला तासाला साडेचार गॅलनहून जास्त पेट्रोल जळतं. उभ्या गाडीत तासाभरात फार तर एक गॅलन, बहुधा त्याहूनही कमी. ढोबळमानाने जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग पाण्यात उतरतो. म्हणजे फ्रीवेवर तुमचा रेडिएटर सिग्नलवरच्या कितीतरी पट उष्णता बाहेर टाकतोय आणि काटा १९० वर धरून ठेवतोय. तोच रेडिएटर सिग्नलला कमी पडतो, कारण तिथे त्याच्यातून हवा जात नाही. वेगात हवा आपोआप घुसते, उभ्या गाडीत ती पंख्याने ओढावी लागते. याच्या उलट तक्रार असती, म्हणजे गावात थंड आणि फ्रीवेवर चढावर गरम, तर मी आधी रेडिएटरकडे, पाण्याच्या प्रवाहाकडे आणि खालच्या होजकडे (पाण्याच्या रबरी नळीकडे) बोट दाखवलं असतं.

मी फिनिक्समध्ये जुन्या गाड्यांच्या कूलिंगचं काम वीस वर्षांहून जास्त करतोय. त्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात रेडिएटरला डाख लावायला शिकलो. ॲरिझोनात उन्हाळ्यात पारा ११० च्या वर जातो, रस्त्याच्या डांबराजवळची हवा त्याहून तापलेली असते. इथे जी गाडी सिग्नलला तग धरते ती टेक्ससमध्ये धरतेच. माझ्याकडे नवा कोरा, महागडा रेडिएटर बसवूनही गरम होणाऱ्या गाड्या नेहमी येतात. मालक वैतागलेला असतो, हजारभर डॉलर गेलेले असतात, आणि दोष निघतो पंख्याच्या क्लचमध्ये नाहीतर नसलेल्या श्राउडमध्ये (पंख्याभोवतीच्या कव्हरमध्ये). म्हणून आधी तपासणी.

पहिलं, काटा खरं बोलतोय का? मालिबूला मूळचा बहुधा फक्त लाल दिवा असतो, म्हणजे तुमचा गेज नंतर कोणीतरी लावलेला. त्याचा सेंडर, म्हणजे तापमान मोजणारा भाग, कुठे बसवलाय ते बघा. इनटेक मॅनिफोल्डवर थर्मोस्टॅटजवळ (पाण्याचा प्रवाह उघडणाऱ्या झडपेजवळ) असेल तर तो पाण्याचं तापमान बऱ्यापैकी बरोबर दाखवतो. डाव्या सिलेंडर हेडमध्ये, एक्झॉस्ट पोर्टच्या मधल्या भोकात असेल तर आकडा जास्त दिसतो, कारण तिथलं लोखंडच जास्त तापलेलं असतं. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घरावर मोजून ताडून पाहा. मात्र तोच थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखला तर आकडा खोटा, खऱ्यापेक्षा कितीतरी कमी येतो, कारण चकाकी असलेला पृष्ठभाग उष्णतेचे किरण फार कमी सोडतो. तिथे काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर मोजा. नव्या रेडिएटरवर असं चुकीचं मोजून "थंड आहे की" म्हणणारे बरेच भेटतात.

आणि घाबरू नका. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि १५ पीएसआय दाब धरणारी रेडिएटरची टोपी धरली, तर उकळबिंदू २६५ फॅरनहाइटच्या आसपास असतो. २२५ ला इंजिन उकळत नाही. पण दहा मिनिटांत १९० चं २२५ होतंय, तर पुढच्या दहा मिनिटांत काय होईल हा प्रश्न रास्तच आहे.

दुसरं, पंखा. एसीवाल्या शेवेलला जास्त पात्यांचा, क्लचवर फिरणारा पंखा असतो. तापल्यावर हा क्लच पंख्याला इंजिनाशी जोडतो. इंजिन पूर्ण तापलं की बंद करा आणि पंखा हाताने फिरवा. क्लच चांगला असेल तर हाताला स्पष्ट अडखळ जाणवते. पंखा मोकळा भिरभिरत राहिला, किंवा क्लचच्या मधल्या भागावर तेलाचे काळे ओघळ दिसले, तर क्लच गेलाय. इतकीच सोपी दुसरी परीक्षा: गाडी गरम, इंजिन आयडलवर (उभ्या गाडीत संथ फिरतं), एसी चालू. पुढे जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. तो कंडेन्सरला (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीला) ओढला जाऊन चिकटून राहिला पाहिजे. खाली घसरला, तर बाजारातला कुठलाही रेडिएटर तुमचा सिग्नलवरचा त्रास संपवणार नाही.

तिसरं, श्राउड. पंख्याभोवतीचं ते प्लास्टिकचं कव्हर. इंजिनाचं काम करताना लोक ते काढतात आणि परत बसवत नाहीत. श्राउड नसेल तर पंखा स्वतःच्या घेराएवढ्या गोल भागातूनच हवा ओढतो आणि जाळीचे चारही कोपरे कोरडे राहतात. त्याहून वाईट म्हणजे पात्यांच्या टोकांवरून गरम हवा पुन्हा पुढे फिरते. पाती साधारण अर्धी श्राउडच्या आत, अर्धी बाहेर असावीत. पात्यांचं टोक आणि श्राउड यांत अर्धा ते एक इंच जागा ठेवा, कारण रबराच्या माउंटवर इंजिन हलतं. हुडखालच्या आणि कोअर सपोर्टच्या (रेडिएटर धरणाऱ्या पुढच्या चौकटीच्या) कडेच्या रबरी पट्ट्याही बघा. त्या गेल्या असतील तर हवा जाळीतून न जाता बाजूने निसटते.

चौथं, टायमिंग. १९७० साली जनरल मोटर्सने धूर कमी करण्यासाठी एक व्यवस्था बसवली होती. तिच्यामुळे खालच्या गिअरमध्ये डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पाडणारी ओढ) मिळतच नाही. आयडलवर ठिणगी उशिरा पडते, जळण सिलेंडरमध्ये पूर्ण होत नाही, ज्वाळा एक्झॉस्ट पोर्टात जाते आणि तिथली उष्णता पाण्यात उतरते. त्या व्यवस्थेत इंजिन फार तापलं की ॲडव्हान्स परत चालू करणारा स्विचही होता, पण पन्नास वर्षांनी तो चालू असेल यावर भरवसा नको. व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रिब्युटरपर्यंत पोचते का, आणि आयडलला तिच्यात व्हॅक्यूम आहे का, बोट लावून बघा. या एका नळीने आयडलचं तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरलेलं मी अनेकदा पाहिलंय. खर्च शून्य.

आणि एकदा टोपीच्या जागी तो निळ्या द्रवाचा टेस्टर लावून बघा. द्रव पिवळा झाला तर जळालेला वायू पाण्यात येतोय, म्हणजे हेड गॅस्केट. मग रेडिएटरचा विषयच वेगळा.

हे सगळं करूनही नवा रेडिएटर घ्यायची तुमची इच्छा चुकीची नाही. तुमच्या गाडीत मूळची जाळी असेल तर ती पन्नास वर्षांहून जुनी आहे. जुन्या जाळीत नळ्या गाळाने अर्ध्या बुजलेल्या असतात. तांब्याची फिन (नळ्यांमधली पातळ पत्र्याची पट्टी) बोटाने दाबली की चुरा होते, नळीपासून सुटलेली असते, आणि सुटलेली फिन उष्णता घेत नाही. तेव्हा आता मूळ प्रश्नाकडे.

धातूचा विचार केला तर तांबं ॲल्युमिनियमपेक्षा सरस उष्णतावाहक आहे, साधारण ४०० विरुद्ध २३५ वॅट प्रति मीटर-केल्विन. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू त्याहून थोडे खाली. मग ॲल्युमिनियम जिंकतो कुठे? जुन्या रेडिएटरमध्ये पाणी तांब्यातून वाहत नाही, पितळी नळीतून वाहतं. फिन तांब्याची, आणि दोहोंमध्ये शिशा-कथलाचा डाख. पितळ तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही उष्णता वाहत नाही, आणि डाख त्याच्याही निम्म्याने. शिवाय पितळी नळी नाजूक. ती रुंद केली तर आतल्या दाबाने फुगते, म्हणून ती अर्धा इंच, फार तर पाच अष्टमांश इंच रुंद ठेवावी लागते. मग क्षमता वाढवायची तर एकामागे एक ओळी लावा: दोन रो, तीन रो, चार रो. "जितक्या रो जास्त तितका रेडिएटर मोठा" हा समज तिथून आला, आणि त्या काळासाठी तो बरोबर होता.

ॲल्युमिनियमची नळी एक इंच किंवा सव्वा इंच रुंद करता येते आणि ती फुगत नाही. फिन तिला भट्टीत ब्रेझ केलेली (धातू वितळवून जोडलेली) असते, मध्ये डाखाचा थर नाही. आता हिशेब करा. अर्ध्या इंचाच्या चार नळ्या म्हणजे दोन इंच. एक इंचाच्या दोन नळ्या म्हणजेही दोन इंच. पाच अष्टमांशच्या तीन म्हणजे पावणेदोन इंचापेक्षा थोडं जास्त. चार रोवाल्यात ओळींच्या मधल्या तीन फटींमध्ये फिन आहे पण नळी नाही, ती जागा जवळजवळ वाया. दोन रुंद नळ्यांत अशी फट एकच. पुन्हा, जाळी जितकी जाड तितकी मागच्या ओळीपर्यंत पोचणारी हवा आधीच तापलेली, आणि आयडलवर पंख्याला तितकाच जास्त जोर. तुमची तक्रारच आयडलची आहे. त्यात जाड जाळी बसवली तर दुखणं वाढेल. म्हणून जाहिरातीत "४ रो" ठळक लिहिलेलं असलं तरी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: नळीची रुंदी किती? त्याला उत्तर देता आलं नाही तर पुढे जा.

ॲल्युमिनियम ही काही नवी टूमही नाही. शेवरोलेने कॉर्व्हेटमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हॅरिसनचा (जनरल मोटर्सच्याच रेडिएटर विभागाचा) ॲल्युमिनियम रेडिएटर बसवला होता. म्हणजे तुमच्या शेवेलच्या काळात तो प्रयोग उरला नव्हता, फक्त महाग होता.

एक इंचाच्या दोन रो असलेला रेडिएटर, योग्य श्राउड आणि चांगला क्लच फॅन एवढ्यावर ३५० चं इंजिन एसीसकट टेक्ससच्या ऑगस्टमध्ये आरामात चालतं. सव्वा इंचाच्या नळ्या मी बिग ब्लॉकला (शेवरोलेच्या मोठ्या व्ही-८ ला), किंवा बराच दम वाढवलेल्या इंजिनाला सुचवतो. तुम्हाला त्याची गरज नाही. त्या घेतल्या तर जाळी जाड होऊन पंखा आणि जाळी यांतली जागा कमी होईल, आणि ती आधीच कमी असते. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकला (तुमचं ३५० त्यातलंच) १९६८ पर्यंत आखूड वॉटर पंप होता, १९६९ पासून लांब आला. तो सव्वा इंचापेक्षा थोडा जास्त लांब आहे. तुमच्या गाडीत मधल्या काळात कोणी इंजिन बदललं असेल तर कुठला पंप आहे सांगता येत नाही, म्हणून स्वतः मोजा. पंख्याच्या पात्यांपासून जाळीपर्यंत किमान एक इंच राहिलाच पाहिजे.

फिन किती दाट हवी? इंचाला १४ ते १६ च्या आसपास असेल तर रस्त्यावरच्या गाडीसाठी उत्तम. त्याहून दाट फिन वेगात चालणाऱ्या रेसच्या गाडीला शोभते. आयडलवर तीच हवा अडवते, आणि तुमच्या रेडिएटरपुढे एसीचा कंडेन्सर आधीच उभा आहे.

आता रेडिएटर हातात आला की काय पाहायचं. हे मी दुकानात रोज करतो, दोन मिनिटं लागतात. टोपी काढून आत टॉर्च मारा. नळ्यांची टोकं हेडर प्लेटमध्ये (नळ्या टाकीला जोडणाऱ्या पट्टीत) ओळीने, सरळ, सारख्या उंचीवर दिसली पाहिजेत. नळीभोवती करड्या किंवा काळ्या चिकट पदार्थाचा वेढा दिसला, तर तो इपॉक्सी आहे. इपॉक्सी लावलेला प्रत्येक रेडिएटर वाईटच असतो असं नाही, काही नामांकित लोकही ते वापरत आले आहेत. पण तो गळू लागला की दुरुस्त करता येत नाही. ब्रेझ केलेल्या जोडाला वेल्ड तरी मारता येतो. मग नखाने एखादी फिन हलकेच बाजूला ढकला. नीट ब्रेझ झालेली फिन वाकेल पण नळीला धरून राहील. नुसती अडकवलेली फिन नळीवर सरकते, तिथे उष्णता पोचणारच नाही. शेवटी टाकीच्या कोपऱ्यांवरचे वेल्ड बघा. नाण्यांची चळत आडवी केल्यासारखे एकसारखे असावेत. कुठे घासून गुळगुळीत केलेले असतील तर का घासले असं विचारा.

मापाबाबत बोलायचं तर १९६८ ते १९७२ च्या शेवेलला क्रॉसफ्लो रेडिएटर असतो, म्हणजे टाक्या डाव्या-उजव्या आणि पाणी आडवं वाहतं. छोट्या इंजिनाच्या साध्या गाड्यांना अरुंद जाळी मिळाली, बिग ब्लॉक आणि एसीवाल्या गाड्यांना रुंद. तुमच्या कोअर सपोर्टमध्ये जागा असेल तर रुंद जाळीच घ्या. समोरून दिसणारं क्षेत्रफळ वाढवणं हे जाडी वाढवण्यापेक्षा नेहमी फायद्याचं, कारण प्रत्येक चौरस इंचाला ताजी हवा मिळते. वरच्या आणि खालच्या होजची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते फोटो काढून विक्रेत्याला पाठवा. खालचे रबरी पाळणे, ज्यांत रेडिएटर बसतो, ते जुन्या टाकीच्या जाडीचे असतात. ॲल्युमिनियमची टाकी वेगळ्या जाडीची असेल तर नवे रबर सोबत मागवा. रेडिएटर रबरावर सैल श्वास घेत बसला पाहिजे. बोल्टने घट्ट आवळून टाकला तर खड्ड्यांतले धक्के वेल्डवर येतात.

हाच प्रश्न मस्टँग आणि मोपारवाले (क्रायस्लरच्या गाड्यांचे मालक) विचारतात म्हणून जाता जाता: १९६७ ते ७० च्या मस्टँगला २० आणि २४ इंच अशा दोन मापांच्या जाळ्या आल्या. प्लिमथ-डॉजच्या बी बॉडीला २२ आणि २६ इंच. दोन्हीकडे डाउनफ्लो, पाणी वरून खाली. डाउनफ्लोमध्ये टोपी वरच्या टाकीवर, म्हणजे इंजिनातून गरम पाणी जिथे जोरात येतं तिथे असते, त्यामुळे इंजिन जोरात फिरवलं की पंपाचा दाबही टोपीवर येतो. क्रॉसफ्लोमध्ये टोपी बाहेर जाणाऱ्या बाजूच्या टाकीवर असावी. काही स्वस्त रेडिएटरवर ती चुकीच्या टाकीवर वेल्ड केलेली दिसते. त्यावर लक्ष ठेवा.

तुमच्या गाडीला टर्बो ३५० गिअरबॉक्स आहे, म्हणून टाकीत ऑइल कूलर असलेलाच रेडिएटर हवा. नळीसारख्या कूलरपेक्षा चपट्या पट्ट्यांचा कूलर चांगला. मूळच्या लोखंडी ऑइल लाइनला इन्व्हर्टेड फ्लेअरचं तोंड असतं, नव्या टाकीवर कधी कधी पाइप थ्रेड असतो. अडॅप्टर आधी मागवून ठेवा. आणि ती लाइन आवळताना दोन पाने वापरा: एकाने टाकीवरचं फिटिंग धरून ठेवा, दुसऱ्याने नट फिरवा. एका पान्याने आवळलं की पातळ ॲल्युमिनियमचा वेल्ड मुळातून पिरगळतो. तो आतून तडकला तर कूलंट गिअर ऑइलमध्ये जातं, डिपस्टिकवर गुलाबी दुधासारखा फेस दिसतो आणि क्लच प्लेटा गेल्या म्हणून समजा.

इलेक्ट्रिक पंख्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या गाडीला नकोत. मूळचा क्लच फॅन, मूळच्या आकाराचा श्राउड आणि नवा क्लच यांच्याइतकी हवा ओढणारे इलेक्ट्रिक पंखे मिळतात, पण ते ३० अँपिअरहून अधिक वीज खातात. त्या काळचे डेल्कोचे अल्टरनेटर ३७ ते ६३ अँपिअरचे, तेही पूर्ण वेगात. आयडलवर, हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर चालू असताना, नेमकं जेव्हा पंखा हवा तेव्हा बॅटरी रिकामी होत जाते. म्हणजे पंख्यासोबत अल्टरनेटर, जाड वायर, रिले, फ्यूज, सगळंच आलं. इंजिन बदलून एलएस (जनरल मोटर्सचं अलीकडचं व्ही-८) टाकलं असेल, किंवा जागाच नसेल, तर इलेक्ट्रिक पंख्यांना पर्याय नाही. तेव्हा जाळी पूर्ण झाकणारा श्राउड असलेलेच घ्या. प्लास्टिकच्या बंदांनी फिनमधून आरपार बांधायचे पंखे कधीही लावू नका. ते बंद नळ्या घासून भोक पाडतात.

एक गोष्ट मी विस्ताराने सांगणार आहे, कारण ॲल्युमिनियमला सगळ्यात जास्त मारते ती हीच. गेल्या काही वर्षांतली गोष्ट. एक गृहस्थ आपली कमारो घेऊन आले. १४ महिन्यांपूर्वी बसवलेला रेडिएटर खालच्या कोपऱ्यातून गळत होता. बाहेरून नवाकोरा. गळतीभोवती पांढरी भुकटी जमलेली, मिठासारखी. त्यांना वाटलं कंपनीने फसवलं. मी मल्टिमीटर घेतला, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल वायर टोपीतून कूलंटमध्ये बुडवली, नळ्यांना न टेकवता. सगळं बंद असताना ०.०८ व्होल्ट. इथपर्यंत ठीक. ब्लोअर लावला, दिवे लावले, फरक नाही. इलेक्ट्रिक पंखा लावला आणि आकडा ०.४ वर गेला. पंख्याची अर्थची वायर कोणीतरी रेडिएटरच्याच ब्रॅकेटला स्क्रूने लावली होती. पंख्याचा करंट रेडिएटर आणि कूलंटमधून वाट काढत इंजिनकडे जात होता, आणि जाता जाता ॲल्युमिनियम विरघळवत होता. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा. ०.३ च्या वर असेल तर रेडिएटर कुठल्याही कंपनीचा असो, त्याचे दिवस मोजलेले आहेत. ती वायर थेट बॅटरीपर्यंत नेली, इंजिनपासून बॉडीपर्यंतची जुनी गंजलेली अर्थची पट्टी बदलली, नवा रेडिएटर बसवला. ती गाडी आजही माझ्याकडे सर्व्हिसला येते. तुमचा रेडिएटर बसवला की त्याच दिवशी ही चाचणी करा, आणि एकेक विजेचं उपकरण चालू करून करा.

त्याच कारणाने पाणी नळाचं वापरू नका. त्यातले क्षार वीज वाहून नेतात आणि नळ्यांत चुना धरतात. डिस्टिल्ड वॉटर घ्या, गॅलनला काही डॉलरच लागतात. कूलंट निम्मं-निम्मं ठेवा. "टेक्ससमध्ये बर्फ कुठे" म्हणून नुसतं पाणी भरणाऱ्यांची इंजिनं फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत फुटली, तेव्हा डॅलसला पारा शून्य फॅरनहाइटच्याही खाली गेला होता. कूलंट कोणतं? तुमच्या गाडीचा हीटर कोअर (केबिन तापवणारा छोटा रेडिएटर) बहुधा अजून मूळचा, तांब्या-पितळेचा आणि डाख लावलेला असणार. दीर्घायुषी म्हणून मिळणारी काही नवी कूलंट त्या शिशाच्या डाखाला मानवत नाहीत. म्हणून जुन्या धर्तीचं, सिलिकेट असलेलं हिरवं कूलंट घ्या आणि दर दोन वर्षांनी बदला. टोपी १५ किंवा १६ पीएसआयचीच ठेवा. दर पीएसआयला उकळबिंदू साधारण तीन अंशांनी वाढतो म्हणून लोक २२-२४ ची टोपी लावतात. मग जुना हीटर कोअर फुटतो आणि गरम कूलंट पायांवर येतं.

थर्मोस्टॅट १८० चा ठेवा, आणि काढून टाकू नका. आपल्याकडे ॲम्बॅसिडर तापली की मिस्त्री पहिल्यांदा थर्मोस्टॅट काढून फेकायचे. मीही उद्यमनगरात असे शेकडो फेकलेले बघितलेत. थर्मोस्टॅट फक्त किमान तापमान ठरवतो. १६० चा टाकला तरी सिग्नलवरचं २२५ तसंच राहील, कारण तेव्हा दोन्ही प्रकारचे पूर्ण उघडेच असतात. "पाणी फार वेगाने गेलं तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही" हेही खरं नाही. प्रवाह वाढला की रेडिएटर जास्तच उष्णता टाकतो. आपलं काम आहे पंपाला हवा न मिळू देणं, आणि खालच्या होजमध्ये स्प्रिंग असल्याची खात्री करणं. ती नसली तर जोरात इंजिन फिरवताना होज आत दबून चपटा होतो.

नवा रेडिएटर बसवण्याआधी इंजिन ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे, ऑइल पॅनच्या जरा वरचे ड्रेन प्लग उघडा. तिथून गाळ निघेल. निघाला नाही तर वायरने खोदा, कारण ५० वर्षांचा गंज मागच्या सिलेंडरभोवती बसलेला असतो. तो धुऊन काढला नाही तर तोच तुमच्या नव्या नळ्यांत जाऊन बसेल. भरताना गाडीचं नाक वर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि टोपीपासून दोन-तीन इंच खाली सोडा. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना रिकव्हरी टाकी (फुगून बाहेर येणारं पाणी साठवणारी) नव्हती. काठोकाठ भरलं की पाणी तापून फुगतं आणि बाहेर पडतं, मालकाला वाटतं रेडिएटर गळतोय.

बजेटचं बोलू. दोन-तीनशे डॉलरमध्ये मिळणारे रेडिएटर चालतात, पण त्यांत तोंडांची जागा आणि माउंट यांचा मेळ बसवायला दिवस जातो, आणि नळ्यांची रुंदी खात्रीची नसते. मूळ जागेत तंतोतंत बसणारे, अमेरिकेत बनवलेले घ्यायचे तर सातशेच्या पुढे जावं लागतं. मिशिगनमधल्या हॉवेलचे डिविट्स आणि साउथ कॅरोलिनाचे ग्रिफिन ही त्यातली जुनी नावं. तुमच्या ८०० मध्ये मी असं करीन: मधल्या किमतीचा, एक इंच नळीच्या दोन रोचा, ब्रेझ केलेला रेडिएटर, आणि उरलेल्या पैशांत मूळ आकाराचा श्राउड, नवा फॅन क्लच, दोन्ही होज, टोपी आणि थर्मोस्टॅट. महाग रेडिएटर घेऊन जुना क्लच तसाच ठेवण्यापेक्षा तुमच्या सिग्नलला याचा उपयोग जास्त. काळा रंग हवा असेल तर फार पातळ, एकच फवारा. जाड थर फिनवर रजईसारखा बसतो.

जुना रेडिएटर मात्र भंगारात देऊ नका. टाकीवर हॅरिसनची छोटी धातूची पट्टी असेल, दोन अक्षरांचा कोड असलेली, तर तो गाडीसोबतच जन्मलेला असू शकतो, आणि पुढे कोणी ती गाडी मूळ रूपात न्यायची ठरवली तर त्याच टाक्यांमध्ये नवी जाळी भरता येते. आत गोडं पाणी सोडून धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, होजची दोन्ही तोंडं आणि टोपीची जागा टेपने बंद करा, आणि पट्टीचा फोटो काढून गाडीच्या कागदांत ठेवा.